यंत्राने काय विचारावे?

गेल्या मोसमात यवतमाळच्या एका कापूस-व्यापाऱ्याच्या काट्यावर आमच्या चुलतबंधूंची बंडी लागली होती. कापूस भरला ८.४० क्विंटल, कारकुनाच्या हातून टिंब राहिले आणि हिशेबपट्टीवर ८४० छापून आले. बंडीत एवढा मावत नाही, हे जुंपलेल्या बैलांनाही कळले असते. गणकयंत्राने हूं की चूं केले नाही. टिंब दुसरीकडे सरकून ०.८४ झाले असते, तर? मागून आलेल्या म्हाताऱ्यापाशी मोबाइल नव्हता, तेव्हा मात्र ते घर रिकामे ठेवून पुढे सरकण्यास तेच यंत्र तयार होईना. कारकुनाने निमूटपणे दहा वेळा नऊ दाबले. यंत्राचे समाधान झाले.

ही आज्ञावली लिहिणारा आमचाच जुना विद्यार्थी निघाला. "सर, तपासायचे तरी किती?" त्याने विचारले. आम्ही पडलो इंग्रजीचे अध्यापक. तरी आधार क्रमांकाचा दाखला दिला. त्यातील बारावा आकडा आधीच्या अकरांवरून व्हेरहूफ या डच गणितज्ञाच्या रीतीने काढतात; एक आकडा चुकला, वा शेजारचे दोन उलटसुलट झाले, की चूक जागीच उघडी पडते. मात्र क्रमांक कोणाचा, हे त्या रीतीस कळत नाही. २०१७ च्या कर्जमाफीच्या याद्यांत अनेक शेतकऱ्यांपुढे एकच क्रमांक निघाला होता. तो पूर्वी येऊन गेला काय, हा प्रश्न निराळाच विचारावा लागतो.

वजन अचाट दिसल्यास यंत्राने पुन्हा विचारावे आणि मोबाइल नसल्यास 'नाही' लिहू द्यावे, असे आम्ही सुचविले.

"पण मालकांना एकही घर रिकामे चालत नाही," तो म्हणाला.

त्या मालकांच्या दप्तरी दहा नवांचे शेतकरी किती, हे त्याने अद्याप मोजलेले नाही.