जोडीचा स्पीकर

पुणे,
कोजागरी पौर्णिमा

चि. बाळास,


तुझ्या शेवरोले इम्पालाचे फोटो मिळाले. भिंग घेऊन पाहिले. १९६६ ची गाडी आणि डॅशबोर्डवर अजून तिचा मूळचा डेल्को रेडिओ, पाच बटणांचा! तुझे आजोबा, अण्णा, असते तर त्यांनी तो फोटो खिशात घालून गल्लीभर दाखवला असता. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ साली सुरू झाला. तिथे अण्णांनी शेवरोलेची दारं बसवली, पण स्वतःची गाडी काही त्यांच्या नशिबात आली नाही. आता नातवाच्या अंगणात ती उभी आहे, म्हणून या गाडीत माझा जीव जरा जास्तच गुंतलाय.

तू विचारलंस, "मामा, रेडिओ लागतो, पण स्पीकर खरखरतो. दुकानात चार ओहमचा चांगला भारी मिळतोय. बसवू का?" नको बसवूस. का नको, ते फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या रेडिओचा स्पीकर दहा ओहमचा असतो. आजचे गाडीचे स्पीकर बहुतेक चार ओहमचे, घरातले आठचे. दहा हा आकडा आता दुकानातून गेलाच आहे, पण डेल्कोने त्या काळी सगळा हिशेब त्यावरच मांडला होता. या रेडिओत आवाज बाहेर ढकलायला एकच मोठा जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतो. तो कधी विसावा घेत नाही. गाणं लागलेलं असो वा नसो, त्यातून सुमारे एक अँपियर करंट वाहतच असतो आणि त्याची पाठ गरम राहते. जर्मेनियमचा स्वभाव असा की तापलं की त्यातून जास्त करंट गळतो, आणि जास्त करंट गळला की ते आणखी तापतं. दहाच्या जागी चार ओहम लावलेस तर त्याच्यावर ताण पडतो, आवाज फाटतो, आणि व्हॉल्यूम वाढवलास की तो अधिकच शिणतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९७४ च्या मे महिन्यात मी एका दुकानात रेडिओ दुरुस्तीला होतो. एका डॉक्टरांची जुनी अमेरिकन गाडी आली, स्पीकरचा कोन उंदरांनी कुरतडलेला. दुकानात चार ओहमचा नवा स्पीकर होता, भोकात नेमका बसला. आवाज खणखणीत आला, डॉक्टर खूश झाले, मीही झालो. मी फक्त कानाने पाहिलं, रेडिओच्या पाठीवर हात ठेवला नाही. भर उन्हात तासभर गाडी चालली आणि रेडिओ मुका झाला. ट्रान्झिस्टर गेला होता. तसा ट्रान्झिस्टर आपल्याकडे मिळेना. दोन महिन्यांनी डॉक्टर तो रेडिओ न बोलता घेऊन गेले. बसवलेला स्पीकर वाईट नव्हता, त्या रेडिओच्या जोडीचा नव्हता. ती चूक मी आजवर विसरलो नाही.

म्हणून पहिलं काम हे कर, की जुना स्पीकर टाकून देऊ नकोस. स्पीकर सोडवताना रेडिओ बंदच ठेव आणि नुसत्या उघड्या तारांवर तो चुकूनही चालू करू नकोस. आत चोक, म्हणजे तारेचं वेटोळं, आहे. समोर स्पीकर नसला की त्यातून उसळणारा दाब थेट ट्रान्झिस्टरवर जातो. स्पीकर सुटा झाला की मल्टिमीटर लाव. दहा ओहमचा स्पीकर मीटरवर दहा दाखवत नाही, सात-आठाच्या आसपास दाखवतो. चारचा असेल तर साडेतीनच्या आत-बाहेर. म्हणजे आधीच्या मालकाने काही बदलाबदल केली असेल तर तीही कळेल. मग दोन्ही अंगठे कोनच्या मध्याजवळ समोरासमोर ठेवून तो अलगद दाब. घासल्यासारखं जाणवलं तर कॉइल वाकडी झालीय. गुळगुळीत खाली-वर झाला तर फक्त कागद फाटलाय, आणि कागद सांधता येतो. पातळ टिश्यूची पट्टी, पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल, बारीक ब्रश. पट्टी मागच्या बाजूने लाव, रात्रभर वाळू दे. खरखर गेलेली दिसेल.

कॉइलच गेली असेल तर कोन-कॉइल नवी घालून घ्यावी. तिकडे करणारा कोणी मिळाला नाही तर दिवाळीला येशील तेव्हा सांगाडा आणि मॅग्नेट बॅगेत घालून आण. तपकीर गल्लीत माझ्या ओळखीचा एक कारागीर अजून हाताने कॉइल गुंडाळतो. दहा ओहम म्हटलं की तो का म्हणून विचारत नाही.

नवाच घ्यायचा झाला तर तीन गोष्टी बघ. एक, ओहम. दहाचा मिळाला तर उत्तमच, आठचाही चालतो. जुन्या गाड्यांसाठी एकाच कोनवर दोन कॉइल असलेले लांबट स्पीकर मिळतात. दोन्ही कॉइल चार-चारच्या असतील तर त्या एकापुढे एक जोड, आठ होतात. शेजारी शेजारी जोडल्यास तर दोनच उरतील, ते घातक. मागच्या सीटमागेही स्पीकर असेल तर तो पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणाऱ्या कंपनीच्या फेडरमधूनच जाऊ दे, परस्पर जोडू नकोस.

दोन, संवेदनशीलता. तुझा रेडिओ जेमतेम चार-पाच वॉटचा. जुन्या स्पीकरचा कागदी कोन इतका हलका की तेवढ्यावरही गाडी भरून जायची. आजचे जाड कोन, रबरी कडा या रेडिओला उचलवत नाहीत. खोक्यावरचे वॉट पाहू नकोस, डेसिबल पाहा. ८७ डेसिबलच्या स्पीकरला ९३ च्या इतका आवाज काढायला चौपट ताकद लागते, आणि तेवढी या रेडिओपाशी नाही.

तीन, खोली. त्या काळच्या कितीतरी अमेरिकन गाड्यांत चार बाय दहा इंची लांबट स्पीकर असे, पण तू भोक स्वतः मोज, आणि त्याखाली काचेवर हवा सोडणारी नळी किती जागा सोडते तेही मोज. नव्या स्पीकरचा मॅग्नेट तिथेच अडतो. नळी कापायचा मोह झाला तर दुसरा स्पीकर शोध. गाडी कापू नकोस.

कोणी म्हणेल, आतली पाटी काढून नवा एफएम बसव, बाहेरून तसाच दिसेल. दिसेल, पण मग तो डेल्को राहणार नाही. या रेडिओला जे पेलतं ते त्याला द्यावं, एवढंच माझं म्हणणं. तुझ्या डेट्रॉइटचं डब्ल्यूजेआर अजून ७६० किलोहर्ट्झवर आहे. काटा ७६ वर आण, बटण बाहेर ओढून आत दाब, ते स्टेशन त्या बटणावर कायम होईल.

बसवून झालं की तासभर हळू आवाजात चालव, आणि डॅशखालून हात घालून रेडिओच्या पाठीला लाव. ती गरम लागेल, पण हात ठेवता यायला हवा. चटका बसला तर ताबडतोब बंद कर आणि मला फोन कर, इथे कितीही वाजले असोत. ठेवता आला, तर तसं सावकाश पत्रात लिही.

तुझा,
मामा