कॉलेज अ‍ॅव्हेन्यूची भिंत

फिलाडेल्फियाला गेलेला मराठी माणूस ती तडा गेलेली स्वातंत्र्याची घंटा बघतो, तिच्यापुढं फोटो काढतो आणि परत फिरतो. मी जावईबापूंना म्हटलं, घंटा मागाहून बघू, आधी मला आनंदीबाई जोशींचं कॉलेज बघायला नॉर्थ कॉलेज अ‍ॅव्हेन्यूला न्या. त्यांनी फोनमध्ये पत्ता घातला आणि म्हणाले, "आई, तिथं आता कॉलेज नाही."

नव्हतंच. १९३० साली ते शहराच्या ईस्ट फॉल्स भागात गेलं. आता रस्ता आहे, एकाला एक चिकटलेली विटांची घरं आहेत आणि एक लांबच लांब दगडी भिंत. इंदापूरला मालोजीराजांची गढी बघत वाढलेल्या बाईला भिंतीचं काय कौतुक? पण या भिंतीची कथा ऐकून मात्र मी तोंडात बोट घातलं. आत गिरार्ड कॉलेज. कॉलेज म्हणायचं एवढंच, खरं तर ती वसतिशाळा. स्टीफन गिरार्ड या धनवंतानं अनाथ मुलांसाठी पैसा ठेवला आणि १८४८ मध्ये ती सुरू झाली. ग्रीक देवळासारखी संगमरवरी खांबांची इमारत. अटी दोन: मुलगे हवेत आणि गोरे हवेत. शिवाय मृत्युपत्रात लिहून ठेवलेलं, की पाद्र्यानं आत पाऊल टाकायचं नाही! काळ्या मुलांना १९६८ मध्ये दार उघडलं, मुलींना १९८४ मध्ये. म्हणजे आमच्याकडं मुली एसटीचा पास काढून बारामतीला कॉलेजात जायला लागल्या, त्याच्याही नंतर.

आणि या मुलग्यांच्या महालाच्या भिंतीबाहेर, एकविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, बायकांचं वैद्यकीय महाविद्यालय होतं. स्थापना १८५०. इथली इमारत १८७५ ची. आमच्या सुप्याला कुणब्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्याच सालची.

आनंदीबाई जोशी इथं आल्या १८८३ च्या ऑक्टोबरात. वय अठरा. त्यांची डिग्री, कोल्हापूरची नेमणूक, पुण्यातला अकाली मृत्यू हे सगळं आपल्याला पाठ आहे. पहिल्या वर्षाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि मला रस आहे तो त्याच वर्षात. एफवायची पोरगी कशी राहते, काय खाते, कशाला घाबरते, हे मी हॉस्टेलात राहून पाहिलंय.

लग्न नवव्या वर्षी. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. एप्रिलात कलकत्त्याहून बोटीत बसल्या, नवरा मागंच राहिला. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्यावर न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी घरी नेलं. माझी लेक राहते तिथून रोझेल लांब नाही. तिथूनच आनंदीबाईंनी कॉलेजला अर्ज लिहिला: आमच्याकडच्या बायका मरण पत्करतील, पण पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देणार नाहीत, अशा अर्थाचा. डीन रेचेल बॉडली स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही.

मग खोली मिळाली. चरित्रकार सांगतात, की शेगडी पेटवली की खोलीभर धूर व्हायचा आणि विझवली की गारठा. दोन्हींपैकी एक निवडायचं. मी डिसेंबरात त्या रस्त्यावर उभी होते. अंगात दोन स्वेटर आणि वरून लेकीचा जाड कोट, तरी दात वाजत होते. कल्याणच्या दमट हवेत वाढलेल्या मुलीनं इथं रात्री अभ्यास कसा केला असेल, हे मला खरोखर उमजत नाही.

जेवण शाकाहारी, म्हणजे निम्मं पानच रिकामं. आमच्या हॉस्टेलच्या मुलींना गावाकडून एसटीनं डबा यायचा. कंडक्टर तो स्टँडवर उतरवायचा आणि भाकरी दुपारपर्यंत मऊ असायची. आनंदीबाईंना डबा पाठवायचा, तर मध्ये दोन महिन्यांचा समुद्र. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला घेतली. धर्म सोडायचा नाही, साडी सोडायची नाही, पण ती नेसायची कशी हे आपण ठरवायचं! मला हे फार आवडतं. फिलाडेल्फियाच्या रस्त्यात बर्फातून साडी चालली म्हणजे लोक वळून बघणारच. आश्चर्य करायला मी एवढ्या लांब गेले खरी, पण त्या गावानं आधीच आपल्या बाईचं आश्चर्य करून घेतलेलं होतं.

अभ्यास म्हणजे शरीररचना, शरीरक्रिया, रसायन. प्रेत फाडायचं. ब्राह्मणाघरच्या मुलीनं प्रेताला हात लावायचा, यावर पुण्यात काय चर्चा झाली असेल ते सांगायला नको.

आता जे सांगते त्यानं माझा गैरसमज साफ गेला. मला वाटायचं, अमेरिका पुढारलेली, म्हणून आनंदीबाई तिथं गेल्या. तर १८६९ च्या नोव्हेंबरात याच कॉलेजच्या मुली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात शिकवणी ऐकायला गेल्या, तेव्हा तिथल्या वैद्यकीच्या मुलग्यांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे फेकले आणि त्यांच्या कपड्यांवर तंबाखूच्या पिचकाऱ्या मारल्या. होणारे डॉक्टर हे! आनंदीबाई यायच्या आधी जेमतेम चौदा वर्षं. तेव्हा गुण देशाचा मानायचं कारण नाही. तिथल्या बायकांनी भांडून आपली जागा केली आणि त्या जागेत परक्या बायकांनाही घेतलं. रिबेका कोल ही काळी बाई इथूनच १८६७ मध्ये डॉक्टर झाली. आनंदीबाई ११ मार्च १८८६ ला पास होऊन बाहेर पडल्या आणि त्याच वर्षी ओमाहा जमातीची सुझन ला फ्लेश पहिल्या वर्षाला बसली. १८९२ साली मुंबईच्या गुरुबाई करमरकरही इथूनच पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांचं नाव आपल्याकडं कुणी घेत नाही, याचा मला राग आहे.

आनंदीबाई तिथं शिकत होत्या, त्याच दशकात आमच्याकडं नीरेचा डावा कालवा खोदला जात होता. तेव्हा बारामती-इंदापूरच्या किती बायांना अक्षर ओळखता येत असेल, याचा विचारच नको.

रात्री चुलतभावाच्या नातीला फोन लावला. ती बारामतीच्या सरकारी मेडिकलला पहिल्या वर्षाला आहे. मी धुराची खोली, साडी, बर्फ सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत होती, पण अधूनमधून जांभई येत होती. आमची रात्र म्हणजे तिची सकाळ. शेवटी म्हणाली, "आज्जी, ते असू दे. त्यांना अ‍ॅनाटॉमीची तोंडी कोण घ्यायचं? बाई का सर?"