पाटोदा ते पुणे : मधले नाके

रात्री साडेदहाला शेवटची पेटी गाडीत चढली. आठशे किलो सीताफळाचा गर. किलो-किलोच्या पिशव्या, उणे अठरावर गोठवलेल्या, हातात घेतल्या तर विटेसारख्या टणक. चालकानं मागचं दार लावलं, मी मोबाईलवर ई-वे बिल काढलं आणि गाडी जामखेडच्या रस्त्याला लागली. सकाळी सहाच्या आत पुण्यात एका आइस्क्रीमवाल्याकडं माल उतरवायचा होता. पहिलीच खेप, म्हणून मीही चालकाशेजारी बसलो.

सौताडा मागं पडलं, जामखेडचे दिवे दिसायला लागले आणि मला आजोबा आठवले. हा रस्ता त्यांनी बैलगाडीनं तुडवला होता, तुपाचे डबे घेऊन. त्यांच्या तरुणपणी पाटोदा निजामाच्या मुलखात होतं आणि जामखेड इंग्रजांच्या. पुढं आष्टी, कडा पुन्हा निजामाचं आणि नगर पुन्हा इंग्रजांचं. म्हणजे एका रस्त्यावर राज्य तीनदा बदलायचं. हद्द आली की करोडगिरीचा नाका. गाडी सोडा, डबे उतरवा, झाकणं उघडा, कर भरा, मग पुढं चला. आजोबा म्हणायचे, "तूप विकून येतं ते किती, ते नाक्यावर ठरायचं, बाजारात नाही." तीसेक किलोमीटरवरचं जामखेड त्यांच्या लेखी परमुलूख होतं. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मोकळा झाला, 1956 साली आम्ही मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात. शाळेत या तारखा आम्ही पाठ केल्या त्या परीक्षेसाठी. आजोबांच्या हिशेबात त्या नाके उठल्याच्या तारखा होत्या.

त्या रात्री पुण्यापर्यंत कुणी हात दाखवून गाडी अडवली नाही.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. त्याच्या आदल्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी उद्योजकांच्या एका मेळाव्याला गेलो होतो. पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकत होती. महाराष्ट्रातच उद्योग का करावा, तर मुंबईचं बंदर आहे, जवाहरलाल नेहरू बंदर आहे, समृद्धी महामार्ग आहे, 1962 पासूनची एमआयडीसी आहे, कुशल मनुष्यबळ आहे, देशाच्या उत्पन्नात दर सात-आठ रुपयांमागे एक रुपया या राज्याचा आहे. सगळं खरं होतं. पण माझ्या शेजारी बसलेला गेवराईकडचा एक जिनिंगवाला कानाशी पुटपुटला, "यातलं तुमच्या पाटोद्यात काय येतं?" तेव्हा उत्तर देता आलं नाही. परत येताना एसटीत बसून मी आजोबांच्या पद्धतीनं हिशेब मांडला. झाडावरच्या फळापासून ते खाणाऱ्याच्या तोंडापर्यंत गाडी किती ठिकाणी थांबते? जितके थांबे कमी तितकं ते राज्य धंद्याला चांगलं. बाकी सगळं पडद्यावरचं.

सीताफळच का, असं मला पुण्यातल्या कंपनीतले मित्र विचारायचे. तिथं अकरा वर्षं नोकरी केली, मग गावी परतलो. बालाघाटच्या या माळावर मुरूम आणि दगड. पाऊस बेभरवशाचा. मांजरा नदी उगम पावते ती आमच्याच तालुक्यात, पण तिचं पाणी साठतं खाली केजकडच्या धरणात आणि लागतं लातूरला. अशा जमिनीत सीताफळ येतं. पाणी मागत नाही, शेळी त्याचा पाला खात नाही म्हणून कुंपणही मागत नाही. 1990 साली राज्यानं रोजगार हमीला फळबागा जोडल्या तेव्हा खड्डे खणण्यापासून मजुरीचे पैसे मिळाले, आणि कितीतरी पडीक माळांवर सीताफळ आणि बोर उभी राहिली. आमच्या वडिलांची दीडशे झाडं त्यातलीच. अंबाजोगाईला विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे, आणि 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. फळ चांगलं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. गाडी अडत होती ती पुढं.

सीताफळाला फार थोडा वेळ असतो. डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पिवळट पांढऱ्या दिसायला लागल्या, की फळ उतरवायचं. तिसऱ्या दिवशी ते मऊ होतं, पाचव्या दिवशी फेकायचं. स्टँडजवळ सकाळी शंभर रुपयांना मागितलेली पाटी बाया संध्याकाळी चाळीसला देऊन मोकळ्या होतात, कारण शेवटची गाडी चुकली तर ती घरी नेऊन उपयोग नाही. बरं, आंब्यासारखा याचा रस आटवून डब्यात भरावा, तर गर तापवला की कडू होतो. उघडा ठेवला तर तासाभरात तपकिरी. एकच वाट उरते, थंडी. फळ फोडा, बिया काढा आणि काळं पडायच्या आत गोठवा. एवढ्याच कामाचा कारखाना मला घालायचा होता.

माझे साडू हैदराबादला असतात. ते म्हणाले, "इकडं या. तेलंगणात मुदतीत परवानगी दिली नाही तर ती मिळाली असं धरून चालतात, तसा कायदा आहे." कायदा आहे हे खरं, 2014 चा. गंमत म्हणजे आपल्याकडं ज्या वाणाची भरपूर लागवड होते तो बालानगर, त्याचं नावसुद्धा तिकडच्या महबूबनगर भागातल्या गावावरून आलेलं. मनात विचार येऊन गेला. पण फळ मऊ व्हायच्या आत आणि काळं पडायच्या आत कारखान्यात पोचायला हवं. म्हणजे कारखाना झाडापासून दोन-तीन तासांच्या आत हवा. झाडं इथं होती. राज्य मी निवडलंच नाही, फळानं निवडलं.

मग कागद सुरू झाले. आणि इथं मला कबूल करायला हवं, की ज्याची धास्ती घेतली होती ते सोपं निघालं. उद्यमची नोंदणी आधार क्रमांकावर, फुकट, घरी बसून. अन्नपदार्थांची छोटी नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत. महाराष्ट्राचा दुकानं आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा तेव्हा असा होता, की दहापेक्षा कमी माणसं असतील तर परवाना मागायचा नाही, नुसतं कळवायचं. पहिल्या हंगामात आम्ही नऊ जण होतो. वडील दुकानदार होते, त्यांच्या काळी इन्स्पेक्टर येणार म्हटलं की दुकानात झाडलोट व्हायची. मी पावती दाखवली तर ते चष्मा लावून दोनदा वाचत बसले.

अडलं ते पैशाशी. सूक्ष्म अन्नप्रक्रियेची केंद्राची योजना आहे, 2020 सालची. प्रकल्पाच्या 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख, त्यात साठ हिस्से केंद्राचे आणि चाळीस राज्याचे. आमच्या जिल्ह्याचं त्या योजनेतलं उत्पादन सीताफळच. माझा प्रकल्प 18 लाखांचा. म्हणजे 6 लाख 30 हजार अनुदान, 1 लाख 80 हजार माझे, उरलेलं कर्ज. कागदावर सोन्यासारखा हिशेब. पण अनुदान हातात येत नाही. ते बँकेत कर्जाच्या खात्याला बांधून राहतं आणि तीन वर्षांनी वळतं होतं. आणि त्याआधी बँकेनं कर्ज मंजूर करायला हवं. पहिल्या बँकेचा साहेब म्हणाला, "हंगाम तीन महिन्यांचा, हप्ता बारा महिन्यांचा. बाकीचे नऊ महिने काय फ्रीजर चाटणार का?" अपमान वाटला. रस्त्यात येताना मात्र वाटलं, प्रश्न बरोबर आहे, विचारायची पद्धत चुकली. दुसऱ्या बँकेत मी तीच गोष्ट आधी सांगितली: सीताफळ संपलं की चिंच, मग जांभूळ. चौथ्या फेरीला सही झाली. मधे सात महिने गेले. आजोबांचा नाका निदान दिसायचा तरी.

पहिल्या हंगामात खरा दणका मात्र कुणा साहेबानं दिला नाही, मी स्वतःच दिला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतीचा पाऊस आला, विजा कडाडल्या, शिवारात दोन खांब आडवे झाले आणि लाईट गेली. त्याचं काही वाटलं नाही, जनित्र होतं. दांडा फिरवला, घरघरलं आणि बंद पडलं. आणल्यापासून त्याचं ऑइल मी एकदाही बघितलं नव्हतं. बीडहून मिस्त्री यायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. फ्रीजर उघडले तर कडेच्या पिशव्या तपकिरी, मधल्या पांढऱ्या. तीनशे चाळीस किलो माल खड्ड्यात गेला. मेळाव्यातल्या त्या पडद्यावर औद्योगिक विजेच्या सवलतीचंही एक चित्र होतं. सवलत बिलात असते, ऑइल आपणच घालायचं असतं.

त्या रात्री शेडमध्ये मेणबत्ती लावून बसलो होतो तेव्हा एक मावशी शेवटपर्यंत थांबल्या. शेजारच्या वाडीच्या, साठीच्या पुढच्या. कामाला आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझा वर्ग घेतला होता. मी फळं आकारानं वेगळी करत होतो. त्यांनी एक उचललं, अंगठा लावला, दाबलं नाही, नुसता ठेवला, आणि बाजूला सारलं. "दादा, हे उद्या बी न्हाई पिकायचं. परवा सकाळी फोडा." परवा सकाळी ते फळ बोटानं उलगडलं. शंभर किलो फळात चाळीस किलो गर निघाला तर भरपूर, आणि तेवढा निघणं हे या अंगठ्यावर ठरतं. कच्चं फोडलं तर गर बियांना चिकटून जातो, जास्त पिकलं तर यंत्रात लगदा होतो. मेळाव्यात ज्याला कुशल मनुष्यबळ म्हणतात ते आमच्याकडं लुगडं नेसून पाटीवर बसलेलं असतं, आणि त्याचा कुठला दाखला नसतो.

तर ती पहिली खेप. कड्याला चहा प्यायलो, नगर ओलांडलं, पाच चाळीसला पुण्यात. आइस्क्रीमवाल्यानं सुरीनं एक पिशवी कापली, टोकावरचा तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मग विचारलं, "रंगासाठी काही घातलंय?"

"नाही. थंडी घातलीय."

तो हसला. "पुढच्या आठवड्यात दीड टन पाठवा."

परत येताना मी हिशेब करत होतो. जिनिंगवाल्याला आता उत्तर देता आलं असतं. पाटोद्यात बंदर येत नाही, पण जिथं सीताफळ पाण्यावाचून पिकतं तो माळ आणि जिथं लोक हिवाळ्यातसुद्धा आइस्क्रीम खातात ते शहर, ही दोन्ही एकाच राज्यात, एका रात्रीच्या अंतरावर आहेत आणि मधे नाका नाही. आता तर अमळनेर भांड्याचे हे आमच्या तालुक्यातलं गाव रेल्वेच्या नकाशावर आलंय. नगर-बीड-परळीचा हा 261 किलोमीटरचा मार्ग, त्याचा निम्मा खर्च राज्याचा. 17 सप्टेंबर 2025 ला बीडपर्यंत गाडी आली. मुक्तीच्या दिवशीच आली हे बरं झालं.

दुपारी पाटोद्यात पोचलो तेव्हा स्टँडच्या अलीकडं ट्रकची रांग होती. वर पत्रे, भांडी, कोंबड्यांची खुराडी, चुलीच्या विटा, त्यावर ऊसतोडीला निघालेली माणसं. दिवाळी झाली होती, साखर कारखाने पेटायचे होते. माझ्या नऊ जणांतल्या पाच जणी त्या ट्रकांमध्ये होत्या. मुकादमाची उचल उन्हाळ्यातच घेतलेली, एका कोयत्याला म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून. दीड टनाची ऑर्डर माझ्या खिशात आणि फळ फोडणारे हात जामखेडच्या रस्त्याला. ज्या मोकळ्या रस्त्यावरून रात्री माझा गर गेला त्याच रस्त्यावरून. कुणी अडवणारं नव्हतंच. अर्धीच ऑर्डर पाठवली, तीही रात्री जागून, घरातल्या सगळ्यांनी मिळून.

मेळाव्यातल्या चित्रांत हा थांबा नव्हता आणि माझ्या हिशेबातही नव्हता. बँकेच्या साहेबानं विचारलेला नऊ महिन्यांचा प्रश्न मी हप्त्याचा समजत होतो. तो या बायांचा होता. तीन महिन्यांच्या कामासाठी कुणी उचल सोडत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी मुकादमाच्या आधी वाडीवर गेलो. उचल द्यायची ऐपत नव्हती. वहीत काम महिनावार लिहून नेलं होतं. भाद्रपद ते कार्तिक सीताफळ, माघ-फाल्गुनात चिंच, ज्येष्ठ-आषाढात जांभूळ. मधले महिने कोरे होते, ते कोरेच दाखवले. मावशींच्या ओट्यावर बसून सगळं वाचून दाखवलं. पाचांपैकी दोघी थांबल्या. तिघी गेल्या, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

यंदा संक्रांतीला मावशी तिळगूळ घेऊन शेडवर आल्या. सीताफळ संपून दीड महिना झाला होता, फ्रीजर अर्धे रिकामे होते. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, कोपऱ्यातल्या जनित्राकडं बोट करून विचारलं, "त्याला त्याल घातलं का?"

"घातलं, मावशी."

"मंग चिच कवा आणताव?"