एकाच शब्दाचा विस्तव

इंग्रजी शब्दकोशात ‘फायर’ हा शब्द काढून पाहिला, तर त्याच्या अर्थांची यादी वाचताना मन थबकते. ज्वाला, चुलीतला जाळ, घराला लागलेली आग, अंतःकरणातील आवेश, बंदुकांचा मारा हे नामाचे अर्थ. आणि पेटवणे, मातीची भांडी भट्टीत भाजणे, गोळी झाडणे, नोकरीवरून काढून टाकणे हे क्रियापदाचे. नव्या कोशांनी तरुणांच्या बोलीतून उचललेला आणखी एक अर्थ त्यांत घातला आहे: अप्रतिम, अत्युत्कृष्ट. नंदुरबार जिल्ह्यात मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझे आयुष्य गेले. हे अर्थ मी कितीदा तरी फळ्यावर लिहिले असतील. परंतु कोशातला शब्द माणसाच्या वाट्याला येतो, तेव्हा तो काय करतो, हे मला माझ्या बहिणीच्या घरी पाहावयास मिळाले.

आपल्या मराठीने अग्नीची कामे निरनिराळ्या शब्दांना वाटून दिली आहेत. लागते ती आग, रानात पेटतो तो वणवा, राखेखाली जपून ठेवतात तो निखारा, हिवाळ्यात भोवती बसतात ती शेकोटी, यज्ञात आणि चितेवर असतो तो अग्नी. चुलीत असतो तो मात्र विस्तव. काड्यापेटी जपून वापरण्याच्या काळात शेजारीण शेजारणीकडे विस्तव मागावयास जाई आणि गोवरीच्या तुकड्यावर तो घेऊन येई. म्हणूनच दोन घरांचे वैर विकोपाला गेले की ‘त्यांच्यात विस्तवही जात नाही’ असे आपण म्हणतो. माणसामाणसांतील नाते मोजण्याचे हे किती घरगुती माप!

इंग्रजीत बंदूक ‘फायर’ होते, कारण पूर्वी पेटती वात टेकवल्याखेरीज ती उडत नसे. आपणही तोफेला बत्ती देतो, तोफ डागतो. तेव्हा हा अर्थ आपल्याला परका नाही. नंदुरबारला तर तो कोशातून शिकावा लागलाच नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, ‘छोडो भारत’ आंदोलनाला बरोबर एक महिना झाला असता, तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर येथे पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हे पाच जण हुतात्मे झाले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. त्या वयाची मुले माझ्यासमोर बाकांवर बसत. ‘फायर’चा हा अर्थ सांगताना मी त्यांना वाक्यात उपयोग करावयास कधी सांगितले नाही; हुतात्म्यांच्या स्मारकाकडे नुसते बोट दाखवले की पुरत असे.

नोकरीवरून काढण्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या बोलीत रुजला. बंदूक रिकामी करणे आणि माणसाला कामातून मोकळे करणे या दोहोंसाठी इंग्रजीत ‘डिस्चार्ज’ हा एकच शब्द आहे. त्यावरील श्लेषातून हा अर्थ बहुधा निघाला. आपल्याकडे अशा वेळी माणसाच्या हाती नारळ देतात किंवा त्याला डच्चू देतात. सरकारी कागदावर तो बडतर्फ होतो. बोलण्यात थट्टा असली, तरी घाव तोच.

माझा भाचा पुण्याला एका कंपनीत होता. एका जानेवारीत तो अवेळी घरी आला. बॅग खाली ठेवून म्हणाला, ‘‘आई, मला फायर केलं.’’ माझ्या बहिणीचे इंग्रजी बेताचे. तिला वाटले, कंपनीला आग लागली. ती धावत त्याच्याजवळ गेली, त्याचे हात उलटेसुलटे करून पाहू लागली आणि म्हणाली, ‘‘भाजलं का रे कुठं?’’ तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘थोडंसं.’’

मी तेथेच बसलो होतो. तिला खरा अर्थ समजावून सांगावा, असे मला वाटले नाही. कारण तिला कळलेला अर्थच अधिक खरा होता. त्याने इंग्रजी शब्द का वापरला, हेही ध्यानात आले. पेटता निखारा हाताने उचलवत नाही, म्हणून आपण चिमटा घेतो. ‘मला काढून टाकलं’ हे आईच्या भाषेत आईला सांगणे त्याला जड गेले असावे. परका शब्द कधीकधी चिमट्याचे काम करतो.

पुढे तीन महिने तो फारसा घराबाहेर पडला नाही. नातलगांचे येणेजाणे हळूहळू कमी झाले. कोणाचे भांडण नव्हते. काय बोलावे हे कोणालाच सुचत नव्हते, एवढेच. विस्तव जाणे असेही बंद होते. पूर्वी तो चर्चमध्ये गिटार वाजवीत असे. उपवासकाळाच्या अखेरीस गायकवृंदातील मुले त्याला घेऊन गेली. त्यांत अक्कलकुव्याकडचा एक भिल्ल मुलगा होता. ढोल उत्तम वाजवी. पुनरुत्थानाच्या जागरणविधीला चर्चबाहेर नवा अग्नी पेटवला गेला, पास्काची मेणबत्ती त्यावर प्रज्वलित झाली आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत साऱ्या चर्चभर उजेड पसरला. त्या रात्री ‘आलेलुया’ असा काही रंगला की वृद्ध माणसेही सुरात सूर मिसळू लागली. मिस्सा संपल्यावर तो ढोलवाला मुलगा भाच्याला मिठी मारून ओरडला, ‘‘दादा, फायर! एकदम फायर!’’

एका ज्येष्ठ गृहस्थांना हे रुचले नाही. पवित्र स्थळी ही कसली भाषा, असे ते म्हणाले. त्यांचा खेद प्रामाणिक होता. परंतु मी भाच्याकडे पाहत होतो. जो शब्द त्याने जानेवारीत मान खाली घालून उच्चारला होता, तोच आता त्याच्या कानी पडला. आणि तो हसला. कित्येक आठवड्यांनी मी त्याला हसताना पाहिले.

आणि ही बोली तशी परकी तरी कोठे आहे? कोल्हापूरकडची मुले एखाद्या पराक्रमाला ‘जाळ अन् धूर संगटच’ म्हणून दाद देतातच. तो मुलगा तर सातपुड्यातला. अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची होळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक असेल: मोरपिसांचे टोप घालून, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून माणसे रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. अशा ठिकाणी लहानाच्या मोठ्या झालेल्या मुलाला अग्नी म्हटले की आधी भय आठवत नाही, सोबत आठवते.

प्रेषितांच्या कृत्यांत पवित्र आत्मा अग्नीच्या जिभांच्या रूपाने उतरतो. तो अग्नी काही जाळत नाही. एकेकावर स्थिरावतो आणि परक्यांनाही आपापल्या भाषेत समजेल असे बोलावयास लावतो. त्याच नव्या करारात संत याकोब जिभेला रान पेटवणारी आगही म्हणतो. दोन्ही खरे.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांच्या विस्तवासाठी ‘अँथ्राकिया’ असा ग्रीक शब्द आहे. साऱ्या नव्या करारात तो दोनदाच येतो. एकदा मुख्य याजकाच्या अंगणात, जेथे शेकत उभा असताना पेत्र प्रभूला नाकारतो. आणि दुसऱ्यांदा तिबिर्या सरोवराच्या काठी, जेथे पुनरुत्थित प्रभू त्याच पेत्रासाठी निखाऱ्यांवर मासळी भाजून ठेवतो. प्रभू त्याला आधी जेवावयास बोलावतो आणि मगच प्रेमाविषयी विचारतो.

भाचा आता शहाद्याला संगणक दुरुस्त करतो. मिळकत पुण्याइतकी नाही. रविवारी मात्र त्याच्या घरी गायकवृंदाची मुले जमतात, आणि माझी बहीण सर्वांचा चहा एकाच पातेल्यात टाकते. तरुणांचे शब्द ऐकून मनाला ठेच लागली, तर आपण वडीलधाऱ्यांनी जरा थांबावे. त्या शब्दाने कोणाला भाजले, की कोणाच्या घरी विस्तव पोहोचला, एवढे आधी पाहावे.