अंगणातली बदके

मुलांनो, उर्दूतली बतख म्हणजेच मराठीतले बदक. आमच्या अंगणात सहा बदके आहेत. मोठ्या बदकाला घार उचलू शकत नाही. तिचा डोळा असतो पिल्लांवर. गेल्या वर्षी तिने दोन पिल्ले नेली. आता पिल्लांच्या जागेवर आम्ही मासे धरायचे जुने जाळे ताणतो.

पण खरी भीती रात्रीची! कोंबडी उंच दांडीवर बसते, बदक मात्र जमिनीवरच झोपते. कोल्ह्याला, रानमांजराला ते सहज सापडते. म्हणून दिवस मावळताच अम्मी बदकांना खुराड्यात कोंडते. खुराड्याची जाळी वीतभर मातीत पुरलेली आहे, कारण कुत्री जमीन उकरतात.

तुम्ही बदके पाळलीत, तर सकाळी दार उघडायची घाई करू नका. बदके बहुधा पहाटे अंडी देतात. लवकर सोडली, तर ती गवतात कुठेतरी अंडी घालतात, आणि मुंगूस ती आपल्याआधी शोधते.