घाट उतरताना

पाचगणीहून येणारी एसटी पसरणीचा घाट उतरून वाईत शिरली की आजी म्हणायची, "चला, एक घाट संपला. आता दुसरा." लहानपणी मला ते कोडं वाटे. डोंगरातून वळणं घेत उतरते ती वाटही घाट आणि कृष्णेच्या पाण्यात उतरतात त्या पायऱ्याही घाट? पुढे कळलं की समईच्या, तांब्याच्या डौलालाही आपण घाट म्हणतो, आणि एखादं मोठं काम योजलं तर त्याचाही घाटच घालतो. उतरण, आकार आणि योजना, तिन्ही या दोन अक्षरांत मावतात. या अवाढव्य देशात मी जमेल तेवढी हिंडले. डोळ्यांत राहिलेल्या बहुतेक गावांत हे तिन्ही मला नदीकाठीच एकत्र भेटलं.

वाईचा गणपती घाट काळ्या दगडाचा. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली इथं ढोल्या गणपतीचं देऊळ बांधलं आणि त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. आजी मला त्या भिंतीला हात लावायला लावायची. नदीशी भांडायचं नाही, तिला बाजूनं जायला जागा द्यायची, हे त्या गवंड्याला ठाऊक होतं. दुपारी त्या पायऱ्या तव्यासारख्या तापत. शेवटच्या दोन मात्र शेवाळानं गार, आणि तिथं बसायला आम्हां पोरांची चढाओढ.

आजीच्या देवघरात गंगेचा गडू होता. लाखेनं तोंड बंद केलेला, तांब्याचा, मुठीएवढा. तिच्या सासऱ्यांनी काशीहून आणलेला. मावंद्याच्या जेवणाची गोष्ट ती रंगवून सांगे, पण ती स्वतः कधी काशीला गेली नाही. मी नदीकाठची गावं शोधत फिरू लागले त्याचं मूळ त्या गडूत आहे.

मराठी माणसानं काशीच्या आधी महेश्वर पाहावं. चौंडीच्या माळावर जन्मलेल्या अहिल्याबाईंनी नर्मदेकाठच्या या गावातून १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं राज्य केलं. किल्ल्याच्या दरवाजातून रुंद पायऱ्या उतरू लागलं की समोर नर्मदा येते, आणि इतकी रुंद येते की पाय आपोआप थांबतात. प्रवाहात एका खडकावर बाणेश्वराचं छोटं देऊळ. वर वाड्यातल्या बाईंच्या बसण्याच्या जागेत राजवैभव म्हणावं असं काही नाही. वैभव सगळं खाली, पाण्याशी, कुणीही येऊन बसावं अशा जागी ठेवलेलं आहे. राज्यकर्त्याची पारख मला यापुढे दुसऱ्या कशानं करावीशी वाटत नाही.

संध्याकाळी परिक्रमावासी येतात. नदी उजव्या हाताला ठेवून, प्रवाह कुठंही न ओलांडता चालायचं, हा त्यांचा नेम. हातातली काठी पायरीला टेकवून ते आधी पाण्याला नमस्कार करतात, मग पाय धुतात. मागच्या गल्ल्यांतून हातमागांची खटखट ऐकू येत असते. माहेश्वरी साडीच्या काठावर नर्मदेची लहर असते आणि किल्ल्याच्या भिंतीतली वीटही असते. इथल्या बायका आपलं गावच अंगाला लपेटून घेतात, असं मला ते काठ पाहताना वाटलं.

आणि मग काशी. हिमालयातून समुद्राकडे निघालेली गंगा इथं उत्तरेकडे वळते. पश्चिमेचा काठ कंकराच्या कठीण कण्यावर उभा असल्यामुळे गाव तिथं वसलं. समोरचा काठ रेतीचा, रिकामा. म्हणून सूर्य उगवतो तेव्हा मध्ये काही येत नाही. ऊन पाण्यावरून सरळ चौऱ्याऐंशी घाटांवर चढतं, एकेक पायरी पिवळी करत. वाईचा काळा पाषाण ऊन पिऊन टाकतो, चुनारचा हा दगड ते परत देतो. पहाटे साडेचारला नावाड्यानं मला अस्सी घाटावरून नावेत घेतलं तेव्हा मी बरोबर एक वही घेतली होती. राजघाटापर्यंत तिच्यात एक अक्षरही उतरलं नव्हतं.

नावेतून दिसतो तो सगळा देश, ओळीनं उभा. अंबरच्या मानसिंहाचा, नागपूरच्या भोसल्यांचा, उदयपूरच्या राण्याचा, नेपाळच्या राजाचा घाट. १७८० मध्ये विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं करणाऱ्या अहिल्याबाईंचाही. बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधवून घेतलेला घाट इतका जड झाला की काठाची मातीच खचली. शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ आजही कललेलं आहे आणि वर्षातले बरेच महिने त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. दुर्गाघाटाच्या बोळांत अजून मराठी ऐकू येतं. नाथांनी आपलं भागवत १५७३ साली याच गावात पुरं केलं. शिवरायांना राज्याभिषेक करायला रायगडावर गेलेले गागाभट्टही इथलेच, आणि त्यांचं मूळ घराणं पैठणचं. गोदेचा काठ नि गंगेचा काठ यांच्यातली ये-जा अशी जुनी आहे. पेशव्यांच्या बालाजी घाटावरल्या देवळात बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करत. एका मुसलमान कलावंताचा सूर मराठी पेशव्याच्या देवळातून निघून गंगेवर जात असे. काशी म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते.

मणिकर्णिकेपाशी नाव आपसूक हळू झाली. चिता जळत होत्या. शेजारच्या घाटावर मुलं पाण्यात सूर मारत होती आणि कुणी कुणाला हटकत नव्हतं. मला आजीचा गडू आठवला. ती गेली तेव्हा त्यातलं पाणी मीच तिच्या ओठांवर घातलं होतं. नावाड्यानं वल्ही थांबवली, आणि वळून न पाहता तो तसाच बसून राहिला.

काशीच्या टांकसाळीत एकेकाळी जेम्स प्रिन्सेप नावाचा तरुण इंग्रज नोकरीला होता. त्यानं गावाचा नकाशा केला, घाटांची चित्रं काढली, पंचगंगा घाटावरच्या मशिदीचे खचू लागलेले मिनार सावरले. पुढे कलकत्त्यात १८३७ साली त्यानं अशोकाची ब्राह्मी वाचली आणि १८४० मध्ये, चाळिशी उलटताच, तो वारला. मित्रांनी त्याच्या आठवणीसाठी काय बांधावं? हुगळीच्या काठावर घाट. आज प्रिन्सेप घाटावर संध्याकाळी कॉलेजची मुलंमुली झालमुडीचे ठोंगे घेऊन बसतात. तिथून वर, १९४३ साली खुल्या झालेल्या हावडा पुलाच्या पायथ्याशी मल्लिक घाटाचा फुलबाजार पहाटेच भरतो. झेंडूच्या माळांचे वेढेच्या वेढे डोक्यावर घेतलेले हमाल, आणि खाली तीच गंगा. पण इथं समुद्राच्या भरतीनं मागं रेटली जाणारी. काशीत पुढे गेलेलं पाणी इथं क्षणभर परत फिरतं.

गुवाहाटीत ब्रह्मपुत्र पाहून मी बोललेच नाही. त्याला नदी म्हणत नाहीत, नद म्हणतात. शुक्रेश्वर घाटावर उभं राहिलं की का ते कळतं.

श्रीनगर म्हटलं की सगळे दल सरोवराकडे धावतात. मी म्हणेन, जुन्या गावात झेलमकाठी जा. कदल म्हणजे पूल. जैना कदल, अमीरा कदल अशी वस्त्यांची ओळख पुलांवरून. काठावरल्या घाटाला तिथं यारबल म्हणतात. शाह हमदानच्या लाकडी दर्ग्यामागून पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर एक म्हातारी तांब्याचं पातेलं घासत होती. तिची भाषा मला येत नव्हती. "पुणे" म्हटल्यावर ती हसली आणि सरकून तिनं मला जागा दिली. २०१४च्या सप्टेंबरात याच नदीनं निम्मं शहर बुडवलं होतं. तरी पातेलं घासायला ती तिथंच येते.

दक्षिणेत घाटाला पडित्तुरै म्हणतात. तंजावरजवळ, कावेरीकाठच्या तिरुवैयारूत त्यागराजांची समाधी आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारचं बोलावणं त्यांनी नाकारलं, असं सांगतात. त्यांना नदी आणि राम पुरेसे होते. मी मे महिन्यात गेले, पात्रात नुसती वाळू. मेट्टूर धरणाचे दरवाजे रीतीप्रमाणे १२ जूनला उघडतात, मग काही दिवसांनी पाणी या पायऱ्यांपर्यंत येतं. कोरड्या घाटावर बसून कुणी आलापी करत होतं. परतताना बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली कोरलेला मराठी शिलालेख पाहिला. घरापासून हजारभर किलोमीटरवर, चोळांच्या दगडावर आपली भाषा ओळीमागून ओळ चालली होती, आणि ती वाचताना माझा गळा भरून आला.

म्हणूनच आपल्याकडे जे चाललंय ते सोसत नाही. नाशिकला गोदावरीच्या पात्राचा तळ काँक्रीटचा केला. पुण्यात मुठेच्या पात्रातून रस्ता काढला. मोटारी जिथून धावतात तिथं पावसाळ्यात नदी आपली जागा मागायला येते. सुशोभीकरण म्हणून आता जागोजागी भिंती उभ्या राहतात, वर कठडे, दिवे, सेल्फीच्या जागा. पाण्याला हात लावायची वाट मात्र नाही. घाट बांधणाऱ्याला नदी वर येणार हे मान्य होतं, म्हणून त्यानं पायऱ्या केल्या. काशीत दर पावसाळ्यात खालचे घाट बुडतात, आरती वर सरकते, पूर ओसरला की मग कित्येक दिवस गाळ धुतात. त्यात कुणाला पराभव वाटत नाही. भिंत नदीला नुसती दूर ठेवते, आणि माणसालाही.

परवा वाईला गेले होते. कृष्णा रोडावलेली, काठाला प्लास्टिक अडकलेलं. तरी एक आजोबा नातवाला माशाच्या आकाराच्या त्या भिंतीशी नेऊन काही समजावत होते. पर्यटकांच्या गाड्या गणपतीपाशी थांबत होत्या, हात जोडून लगेच पाचगणीच्या वाटेला लागत होत्या.

तुम्ही गेलात तर तसं करू नका. देवदर्शन झालं की चपला हातात घ्या आणि पायऱ्या उतरा. शेवटच्या कोरड्या पायरीवर तासभर बसा. मुलं बरोबर असतील तर त्यांना पाण्यात पाय सोडू द्या.