सापडलेला दागिना

वाटेने जाताना धुळीत काही चमकले, की कोणाचेही पाऊल क्षणभर थबकते. काचेचा तुकडा असेल तर मनुष्य हसून पुढे जातो. नाणे असेल तर इकडेतिकडे पाहून ते उचलतो. परंतु दागिना असेल तर त्याच्या मनात एकदम खळबळ उडते. नाणे आज या हातात तर उद्या त्या हातात. दागिन्याचे तसे नसते. नथ कोणाच्या तरी नाकातली असते, बुगडी कोणाच्या तरी कानातली असते, पाटली कोणाच्या तरी मनगटावर झिजलेली असते. म्हणून सापडलेला दागिना हातात घेणे म्हणजे नकळत एका अनोळखी माणसाचा हात हातात घेणे होय.

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश हे गाव बालाघाटाच्या डोंगराळ मुलखात वसले आहे. गावाच्या नावातच गणपती आहे आणि चतुर्थीस तेथील गणपतीच्या दर्शनाला भाविकांची गर्दी लोटते. हा मुलूख कोरडवाहू. पाऊस आला तर पीक, न आला तर उसनवारी, हा येथील शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. अशा प्रदेशात सोने हे केवळ शोभेचे लेणे नसते. सुगीच्या वर्षी जे गळ्यात येते, तेच १९७२ सारख्या दुष्काळी वर्षी सराफाच्या तराजूत जाते आणि घरातील चूल पेटती ठेवते. गर्दीत एखाद्या बाईच्या गळ्यातील पुतळ्यांची माळ तुटून पडली, तर तिच्याबरोबर त्या घराचा वाईट दिवसांचा आधारच मातीत मिसळतो. ज्याला ती सापडते त्याला ते दैवाचे देणे वाटते. जिची ती असते, तिच्या घरी त्या रात्री कोणी धड जेवत नाही.

हरवलेले सोने शोधण्याची कला मनुष्याला फार पूर्वीपासून अवगत आहे. आपल्याकडे झारेकरी नावाचे कसबी लोक हाच धंदा करीत आले. सोनाराच्या दुकानातील केर आणि भट्टीतील राख ते विकत घेत, पसरट भांड्यात पाण्याने धूत आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण वेचून काढीत. या कौशल्याचे रहस्य साधे आहे. सोने पाण्याच्या सुमारे एकोणीस पट जड असते, तर वाळू अडीच पटींहून थोडी अधिक. पाणी हलकी माती वाहून नेते; सोने तळ धरून बसते. झारेकरी आपल्या भांड्यात जे करतो, तेच नदी आपल्या वाळवंटात आणि समुद्र आपल्या किनाऱ्यावर युगानुयुगे करीत असतो. लाटा वाळू हलवितात, जड वस्तू खाली खाली जाते आणि एखाद्या मोठ्या वादळानंतर वाळूचा थर वाहून गेला की ती पुन्हा उघडी पडते.

झारेकऱ्याचे काम आज काही अंशी एक यंत्र करते. त्यास धातुशोधक म्हणतात. त्याच्या दांड्याच्या टोकाशी तारेचे एक कडे असते. त्यातून उलटसुलट दिशेने वाहणारी वीज सोडली, की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जमिनीत धातू असेल तर त्या क्षेत्रामुळे त्या धातूतही विजेचे लहान लहान भोवरे उठतात; ते उलट परिणाम करतात आणि यंत्र आवाज देते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असे एक साधन वापरून पाहिले होते. त्यांना यश आले नाही आणि अध्यक्ष वाचले नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात जमिनीत पेरलेले सुरुंग हुडकण्यासाठी योझेफ कोसाट्स्की या पोलिश अधिकाऱ्याने हातात धरून चालविता येईल असे यंत्र तयार केले. जे यंत्र प्रथम जीव वाचविण्यासाठी हाती घेतले गेले, तेच युद्ध संपल्यावर स्वस्तात बाजारात आले आणि हौशी लोकांच्या हाती पडून समुद्रकिनाऱ्यांवर फिरू लागले.

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर किप वॅग्नर नावाचा एक गृहस्थ युद्धातून उरलेले असेच एक जुने यंत्र घेऊन हिंडत असे. त्या किनाऱ्याजवळ ३१ जुलै १७१५ रोजी झालेल्या भीषण वादळात स्पेनचा खजिना वाहून नेणारी अकरा जहाजे बुडाली होती. वॅग्नरला वाळूत नाणी सापडू लागली. नाण्यांच्या मागाने त्याने बुडालेल्या जहाजांच्या जागा शोधल्या. पुढे १९६२ साली त्याच्या नात्यातील एका मुलास किनाऱ्यावरच दोन हजारांहून अधिक कड्यांची एक सोन्याची साखळी मिळाली. तिला ड्रॅगनच्या आकाराचे सोन्याचे लोलक होते. जगभर तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु त्या वादळात सुमारे एक हजार माणसेही बुडाली. अडीचशे वर्षांनी ती साखळी वर आली, तेव्हा तिच्यावर हक्क सांगणारे कोणी उरले नव्हते. किनाऱ्यावर सापडलेल्या प्रत्येक दागिन्याची कथा इतकी जुनी नसते. पुष्कळदा कालच पोहायला आलेल्या कोणाची तरी अंगठी पाण्याने आकसलेल्या बोटातून निसटलेली असते, आणि तो मनुष्य अजून ती आठवून हळहळत असतो.

म्हणून ‘सापडले’ या शब्दानंतर पहिला प्रश्न ‘किती किमतीचे?’ हा नसून ‘कोणाचे?’ हा असला पाहिजे. आपल्या कायद्यानेही तोच प्रश्न आधी विचारला आहे. १८६० च्या भारतीय दंडविधानात यासाठी उदाहरणच अंगठीचे दिले होते. एकाला मौल्यवान अंगठी सापडते. ती कोणाची हे त्याला ठाऊक नसते. धन्याचा शोध न घेताच तो ती विकून टाकतो. तो अपराधी होय, असे तेथे सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३१४ व्या कलमात हाच नियम पुढे चालू आहे. सापडलेली वस्तू ज्याने उचलली, त्याने ती दुसऱ्याने ठेवावयास दिलेल्या ठेवीप्रमाणे जपावी, असे १८७२ च्या करार अधिनियमानेही सांगितले आहे. कोणावरही सापडलेली वस्तू उचलण्याची सक्ती नाही. पण उचलली की ती सांभाळण्याची जबाबदारी आली.

जमिनीत पुरून ठेवलेल्या धनाचा मार्ग वेगळा आहे. त्यासाठी १८७८ चा निधीसंबंधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि दिवस हे सारे जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविले पाहिजे. जिल्हाधिकारी जाहीरनामा काढून हक्क सांगणाऱ्यांस बोलावतात. शंभर वर्षांच्या आत आपण वा आपल्या पूर्वजांनी तो पुरला होता, असे कोणी सिद्ध केले तर तो त्यास मिळतो. कोणीच धनी ठरला नाही, तर सर्वसाधारणपणे तीन भाग सापडविणाऱ्याला आणि एक भाग जमिनीच्या मालकाला देण्याची तरतूद आहे. सरकारला तो निधी स्वतःकडे ठेवावयाचा असेल, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम मोजावी लागते. मात्र ज्याने खबर दिली नाही, त्याचा वाटा जातो आणि त्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणाने वागणाऱ्याचे नुकसान होऊ नये, याची काळजी दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याने घेतली आहे.

इतकी बारीक चौकशी कशासाठी, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर गोदावरीच्या खोऱ्यात मिळते. लिंबागणेशच्या परिसरास समुद्र नाही. पण शेजारच्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा अखेर गोदावरीलाच मिळते, आणि गोदावरीचे व तिच्या उपनद्यांचे काठ हेच या भूमीचे किनारे होत. या काठांनी आजवर पुष्कळ धन परत दिले आहे. नाशिकजवळ दारणा आणि गोदावरी यांच्या संगमापाशी जोगलटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप राजा नहपान याची होती. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठविला होता. एका राजाने दुसऱ्यावर मिळविलेला विजय चांदीवर असा कोरून राहिला. ती नाणी मुशीत गेली असती तर चांदी तेवढीच निघाली असती; इतिहास मात्र धुरात गेला असता.

प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्यास झाडाचा बुंधा खणून काढताना चार काशाच्या वस्तू मिळाल्या. बैल जुंपलेला आणि सारथी उभा असलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. भारताच्या प्राचीन शिल्पांत त्यांची गणना होते. पण त्या शास्त्रीय उत्खननात थराथराने वर आल्या नाहीत, खड्ड्यातून एकदम निघाल्या. म्हणून त्या नेमक्या कोणत्या काळातील, याविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाला. अनेकजण त्या उत्तर हडप्पाकालीन मानतात. वस्तू हाती आली, पण ती ज्या मातीत होती त्या मातीची साक्ष अपुरी राहिली. त्यात त्या शेतकऱ्याचा काही दोष नाही. तो आपले शेतकाम करीत होता.

याउलट त्याच प्रवरेच्या काठी नेवासे येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगातील एका बालकाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी तांब्याचे, सराफाच्या तराजूत त्यांना काय किंमत? पण माती हळुवार हाताने दूर केल्यामुळे मण्यांमधील दोऱ्याचा अंशही वाचला आणि परीक्षणात त्यात रेशीम व कापूस आढळले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी या भागातील लोकांना तो दोरा ठाऊक होता, हे त्यामुळे कळले. त्याहून मोठी गोष्ट अशी, की मृत्यू पावलेल्या लेकराच्या गळ्यातील माळ घरच्यांनी काढून घेतली नाही, हेही कळले. घाईने कोणी ते मणी ओरबाडले असते, तर त्याच्या मुठीत चिमूटभर तांबे आले असते आणि त्या माउलीचे दुःख कायमचे मुके राहिले असते.

हे ध्यानात घेतले, म्हणजे गुप्तधनाच्या लोभाने पडक्या गढ्या, जुने वाडे आणि देवळांचे चौथरे रात्री खणणारे लोक किती मोठे नुकसान करतात हे समजते. पूर्वी त्यांच्याजवळ मांत्रिक असे, आता कधी कधी त्याच्या जोडीला यंत्रही असते. धनाच्या आशेने नरबळीसारखी घोर कृत्येही घडली आणि २०१३ साली महाराष्ट्राला त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. मंत्राने धन सापडत नाही. यंत्राने धातू सापडतो खरा. पण खिळा असो की कंकण, ते साद घालते आणि थांबते. तो धातू कोणाच्या कष्टाचा, कोणाच्या आठवणीचा किंवा कोणत्या युगाचा, हे त्याला सांगता येत नाही.

ते काम मनुष्याने करावयाचे असते. चतुर्थीच्या गर्दीत मिळालेली बुगडी देवस्थानच्या कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात नेऊन देणारा मुलगा आणि नांगराच्या फाळाला लागलेल्या हंड्याची खबर तहसीलीत देणारा शेतकरी, हे दोघे एकच काम करीत असतात. एक हरवलेली वस्तू जिवंत माणसाला परत देतो, दुसरा ती साऱ्या समाजाला देतो. सोने आगीत घालून पारखतात. ते सापडलेल्या मनुष्याची पारख मात्र कोणी पाहत नसताना, एकटेपणी होत असते.